हिब्रू-ग्रीक बायबल लॅपटॉपवर आणि फोनवर वाचायचंय, नेमकं काय बसवावं?

फतेगंजकर:

वडोदऱ्यात आमचा सात-आठ जणांचा अभ्यासगट आहे. हिब्रू आणि ग्रीक अक्षरं सगळ्यांना येतात, अडखळत का होईना वाचता येतं, पण व्याकरण कच्चं आहे. आजवर मराठी पवित्र शास्त्र आणि इंटरलिनियरच्या (मूळ ओळीखाली शब्दशः अर्थ छापलेल्या पुस्तकाच्या) झेरॉक्सवर काम चाललं. आता सॉफ्टवेअर वापरायचं ठरतंय.

एक विंडोज १० चा लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅमचा. बाकी सगळ्यांकडे अँड्रॉइड फोन. बसतो तिथे नेट धड मिळत नाही, त्यामुळे ऑफलाइन चालायला हवं. दोघांना मराठीपेक्षा गुजराती वाचणं सोपं जातं, तेव्हा मूळ संहितेशेजारी दोन्ही भाषांतरं दिसली तर बरं. पैसे घालायची तयारी आहे, पण आधी फुकटात कुठवर भागतं ते कळू दे. शब्दावर बोट ठेवलं की मूळ धातू, रूप आणि अर्थ दिसावा, आणि तोच शब्द आणखी कुठे आलाय ते शोधता यावं, एवढीच मूळ गरज.


संहितापाठ:

एवढ्यासाठी एक पैसा लागत नाही. पैसे लागतात ते नव्या कोशांना आणि पाठभेदांच्या टिपांना. त्यांची गरज तुम्हाला वर्षभर तरी पडणार नाही.

लॅपटॉपवर बायबलटाइम किंवा झायफॉस घ्या, फोनवर अँडबायबल. तिन्ही क्रॉसवायरच्या स्वोर्ड प्रकल्पाची मॉड्यूलं, म्हणजे संहितेच्या किंवा कोशाच्या उतरवायच्या फाइली, वापरतात. याचा फायदा असा की सगळ्यांच्या हातात एकच संहिता येते, त्यामुळे 'माझ्याकडे वेगळंच दिसतंय' हा वेळखाऊ प्रकार बराच कमी होतो. जुन्या लॅपटॉपलाही ही हलकी पडतात.

उतरवायचं काय, ते नीट पाहा, कारण नवखे इथेच अडकतात. हिब्रूसाठी ओएसएचबी, म्हणजे ओपन स्क्रिप्चर्स हिब्रू बायबल. इ.स. १००८-०९ च्या लेनिनग्राड हस्तलिखिताची संहिता, प्रत्येक शब्दाला स्ट्राँग क्रमांक (स्ट्राँगच्या कोशातला त्या मूळ शब्दाचा क्रमांक) आणि रूपाची खूण लावलेली. ग्रीक नव्या करारासाठी नुसतं वाचायला एसबीएलजीएनटी (सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचरची ग्रीक संहिता) छान आहे, पण खुणा हव्या असतील तर टिशेनडॉर्फच्या आठव्या आवृत्तीची खुणा लावलेली संहिता घ्या. कुठलंही मॉड्यूल उतरवण्याआधी त्याचं माहितीपान उघडा आणि त्यात स्ट्राँग क्रमांक व मॉर्फॉलॉजी (रूपाच्या खुणा) यांचा उल्लेख आहे का ते बघा. नसेल तर ती नुसती छापील पानासारखी संहिता समजा, बोट ठेवून काही होणार नाही.

यांच्या जोडीला तीन कोश लागतात: स्ट्राँग हिब्रू, स्ट्राँग ग्रीक आणि ग्रीक रूपांच्या खुणा उलगडणारं रॉबिन्सन. हे वेगळे उतरवावे लागतात, संहितेबरोबर आपोआप येत नाहीत.

मराठी आणि गुजरातीसाठी इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन ईबायबलच्या साठ्यात आहे. भाषेच्या गाळणीत मराठी निवडलं की सापडेल. फक्त एक अपेक्षा ठेवू नका: मराठी शब्दावर बोट ठेवून मागचा हिब्रू शब्द मिळणार नाही. त्या संहितेत सहसा क्रमांक जोडलेले नसतात. मराठी शेजारच्या खिडकीत ठेवायची आणि बोट हिब्रूवर ठेवायचं.

मॉड्यूलं लहान असतात, एकेक काही एमबीचं. एकाने वाय-फायवर झिप फाइली उतरवून घ्याव्यात, बाकीच्यांनी ब्लूटूथने घेऊन अँडबायबलमध्ये फाइलवरून बसवाव्यात. बसवल्यावर शोधाची अनुक्रमणी घरीच तयार करून ठेवा. ती नसेल तर पहिला शोध घेताना अ‍ॅप तीच बनवत बसतं आणि हँग झालं असं वाटून लोक ते बंद करून टाकतात.


मांडवीवाला:

एवढा खटाटोप कशाला? स्टेप बायबल बघा. केंब्रिजच्या टिंडेल हाउसमध्ये तयार झालेलं आहे, ब्राउझरमध्ये चालतं, आणि लॅपटॉपवर बसवायची ऑफलाइन आवृत्तीही मिळते. शब्दावर माऊस नेला की थोडक्यात अर्थ, क्लिक केलं की शेजारी कोश, रूप आणि इतर वचनांचा दुवा. मॉड्यूल कुठलं आणि कोश कुठला या भानगडीत पडावंच लागत नाही. व्याकरण कच्चं असलेल्या गटाला लिंग-वचन-काळ रंगांनी दाखवणारी सोय फार कामाची, प्रोजेक्टरवर तर छानच.

वर ज्या स्ट्राँगचा उल्लेख आहे तो १८९० चा. त्यात एकसारखी दिसणारी दोन वेगळी क्रियापदं एकाच क्रमांकात कोंबलेली सापडतात. स्टेपवाल्यांनी क्रमांकापुढे अक्षरं जोडून ती वेगळी केली आहेत. ओएसएचबीतही काही ठिकाणी तसं आहे.


फतेगंजकर:

दोघांचेही आभार. लॅपटॉपवर स्टेप आणि बायबलटाइम दोन्ही बसवलं, फोनवर अँडबायबल. अडचणी अशा:

एक, एका फोनवर हिब्रू शब्दावर बोट ठेवलं की क्रमांक दिसतो, पण अर्थाच्या जागी कोरं.

दोन, स्तोत्र ५१ मध्ये मराठी आणि हिब्रू खिडक्या जुळत नाहीत. मराठीत 'शुद्ध हृदय उत्पन्न कर' दहाव्या वचनात, हिब्रूत दहावं वचन वेगळंच. प्रेषितांची कृत्ये ८:३७ तर ग्रीकमधून गायबच. मॉड्यूल खराब उतरलं का?

तीन, उत्पत्ती १:१ मधलं 'बारा' हे क्रियापद (आपला बारा आकडा नव्हे) शोधलं, तर एकाकडे ५४, दुसऱ्याकडे त्याहून कमी, आणि एका जुन्या पुस्तकात ४८. खरं कुठलं?

चार, वर्डमध्ये टिपणं काढताना हिब्रू चिकटवलं की स्वरचिन्हं अक्षरांवरून सरकतात. एका मित्राने दिलेल्या जुन्या फाइलीत तर हिब्रूच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.


संहितापाठ:

पहिलं: त्या फोनवर स्ट्राँग हिब्रू कोश नाही, किंवा असून सेटिंग्जमध्ये निवडलेला नाही. क्रमांक संहितेतून येतो आणि अर्थ कोशातून. दोन वेगळ्या फाइली आहेत. कोश असूनही कोरं आलं तर क्रमांकाआधीचं शून्य बघा. काही संहितांत ०४३० असं लिहितात, काहींत ४३०, आणि जुन्या आवृत्त्यांना ते एकच आहेत हे कळत नाही. अ‍ॅप अद्ययावत करा.

दुसरं: मॉड्यूल ठणठणीत आहे. हिब्रू परंपरेत स्तोत्राचं शीर्षकही वचन म्हणून मोजतात. ५१ चं शीर्षक लांब, दोन वचनं खातं, म्हणून मराठी ५१:१० म्हणजे हिब्रू ५१:१२. सगळीकडे दोनने सरकवा असा नियम मात्र करू नका. पुष्कळ स्तोत्रांत फरक एकाचा आहे, आणि स्तोत्र २३ सारख्या ठिकाणी शीर्षक पहिल्या वचनातच सामावलंय, तिथे फरक शून्य. योएल हिब्रूत चार अध्यायांचा, आपल्याकडे तीन. मलाखी उलट, हिब्रूत तीन आणि आपल्याकडे चार. पुढे सेप्टुआजिंट (जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर) जोडलंत तर आणखी गंमत: तिथे नववं आणि दहावं स्तोत्र एकत्र आहे, म्हणून आपलं २३ वं तिथे २२ वं. टिपणात संदर्भ लिहिताना 'हि.' किंवा 'म.' असं एक अक्षर पुढे लावायची सवय आजपासूनच लावा. सहा महिन्यांनी दोनशे टिपणं दुरुस्त करत बसायला कुणालाच वेळ नसतो.

कृत्ये ८:३७ चा मामला वेगळा. ते वचन टेक्स्टस रिसेप्टस या जुन्या छापील ग्रीक संहितेत आहे, पण एसबीएलजीएनटी किंवा नेस्ले-आलांड या आजच्या चिकित्सित आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, कारण जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांत ते सापडत नाही. योहान ५:४ चं तेच. एखादी खिडकी रिकामी दिसली की वर संहितेचं नाव काय आहे ते आधी वाचा.

तिसऱ्यावर जरा थांबू, कारण शोधाचे आकडे फसवतात ते इथेच. स्ट्राँग १२५४ या क्रमांकाखाली एकूण ५४ उदाहरणं आहेत. हिब्रूत एकाच धातूची क्रियापदं वेगवेगळ्या घडणींत येतात, काल, निफाल, पिएल, हिफिल ही त्या घडणींची नावं. या ५४ मधली पाच पिएल रूपात: यहोशवा १७:१५ आणि १७:१८, यहेज्केल हि. २१:२४ मध्ये दोनदा (मराठीत २१:१९), आणि २३:४७. एक हिफिल रूपात, १ शमुवेल २:२९. उरली ४८, ती काल आणि निफाल. 'देवाने उत्पन्न केलं' हा अर्थ या ४८ चा. पिएलमध्ये झाडं तोडणं, कोरणं असा मामला आहे, आणि हिफिल उदाहरण लठ्ठ होण्याबद्दलचं. पुस्तकातले ४८ ते हे.

तुमच्या दुसऱ्या माणसाचा आकडा कमी आला, कारण त्याचं सॉफ्टवेअर बहुधा वचनं मोजतंय, शब्द नव्हे. उत्पत्ती १:२७ मध्ये हे क्रियापद तीनदा आहे, वचन म्हणून ते एकदाच धरलं जाणार. योहान १:१ मध्ये 'लोगोस' (शब्द) तीनदा, तिथेही तेच. कुठलाही आकडा वहीत उतरवण्याआधी सॉफ्टवेअर काय मोजतंय ते पाहा, आणि खात्रीसाठी याच दोन वचनांवर चाचणी घ्या.

बायबलटाइममध्ये क्रमांकाने शोधायचं तर शोधपेटीत इंग्रजीत स्ट्राँग, लगेच कोलन, लगेच एच आणि क्रमांक लिहा, मध्ये कुठेही मोकळी जागा नको. ग्रीकसाठी एचऐवजी जी. हिब्रू शब्द कॉपी करून पेटीत चिकटवू नका. त्याच्याबरोबर स्वरचिन्हं आणि पठणाच्या खुणाही येतात, आणि मग तंतोतंत तेवढ्याच खुणा असलेला शब्द शोधला जातो. पहिल्या वचनातला शब्द तिसऱ्या वचनात सापडत नाही, तो यामुळे. टाइप करायचंच असेल तर नुसती व्यंजनं टाका. कीबोर्डला सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, तिथून हिब्रू जोडा. ग्रीक जोडल्यावर ऑप्शन्समध्ये जाऊन 'ग्रीक पॉलिटॉनिक' घ्या, साध्या ग्रीक कीबोर्डवर जुन्या ग्रीकचे सगळे आघात नाहीत. विंडोज आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते.


अक्षरजुळणी:

वर्डचं मी सांगते.

वर्ड देवनागरी आणि हिब्रू दोन्ही लिप्यांना 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' याच एका खान्यात टाकतं, आणि त्या खान्याला फाँट एकच. आपण मराठीसाठी तिथे मंगल किंवा कोकिळा ठेवलेला असतो. त्यात हिब्रू अक्षरं नाहीत, म्हणून वर्ड दुसऱ्याच कुठल्या तरी फाँटातून उसनी आणतं आणि स्वरचिन्हं घसरतात. हिब्रू निवडून फाँट बदललात तरी वरच्या पट्टीतून कधी कधी भलताच खाना बदलतो.

इलाज असा: नवी स्टाइल बनवा, प्रकार कॅरेक्टर, नाव 'हिब्रू'. फॉरमॅटमधून फाँट उघडा, त्यात कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा वेगळा भाग दिसेल. तिथे एझ्रा एसआयएल किंवा एसबीएल हिब्रू निवडा, आकार मराठीपेक्षा दोन-तीन पॉइंट मोठा ठेवा, नाहीतर ठिपके छपाईत बुजतात. हिब्रू चिकटवताना 'फक्त मजकूर' हा पर्याय घ्यायचा आणि मग ही स्टाइल लावायची. ग्रीक या खान्यात येत नाही, त्याला साधा लॅटिनवाला फाँट लागतो. जेंटियम किंवा एसबीएल ग्रीक घ्या.

मराठी वाक्यात एखादा हिब्रू शब्द असेल तर काही बिघडत नाही. दोन हिब्रू शब्दांमध्ये स्वल्पविराम किंवा वचनाचा आकडा आला की दोघं जागा बदलतात, कारण वर्ड तो सगळा तुकडा उजवीकडून डावीकडे धरतं. स्वल्पविरामानंतर 'लेफ्ट-टू-राइट मार्क' हे अदृश्य चिन्ह घाला. अख्खं वचन उतरवायचं असेल तर स्वतंत्र परिच्छेद करा आणि त्याची दिशाच उजवीकडून डावीकडे करा.

जुन्या फाइलीतला काला म्हणजे युनिकोडपूर्व फाँट. श्रीलिपी किंवा शिवाजीतली जुनी मराठी फाइल फाँटाशिवाय उघडली की जे दिसतं तेच. बायबलवर्क्स या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळातल्या फाइली बहुतेक अशाच, आणि ती कंपनी २०१८ मध्ये बंद झाली. जुन्या हिब्रू फाँटांत अक्षरं पडद्यावर दिसतात त्या क्रमाने, म्हणजे उलटी साठवलेली असायची, त्यामुळे नुसता फाँट बदलून काम होत नाही. त्या फाइलीतून वचनांचे संदर्भ तेवढे घ्या आणि मजकूर स्टेपमधून नव्याने चिकटवा. रूपांतर करून तपासत बसण्यापेक्षा हे लवकर होतं. पीडीएफमधून कॉपी केलेलं हिब्रूही पुष्कळदा उलटं येतं, तिथेही हेच करा.

ग्रीकमध्ये एक छुपी भानगड आहे. तिरप्या आघाताची काही स्वराक्षरं युनिकोडमध्ये दोन ठिकाणी आहेत, डोळ्यांना हुबेहूब सारखी. एका साइटवरून घेतलेला शब्द दुसऱ्या फाइलीत 'सापडला नाही' येतो तो यामुळे. आपल्या 'वडोदऱ्यात'मधला ऱ सुद्धा एका संकेतानेही साठवता येतो आणि र अधिक नुक्ता असाही. गटाने एकच स्रोत ठरवावा आणि सगळ्यांनी तिथूनच कॉपी करावं.


ओरिएंटल_वाट:

विकत घ्यायचा विषय निघालाय म्हणून पाठभेदांबद्दल लिहितो, त्याखेरीज पैसे कशाला लागतात हे कळत नाही.

वडोदऱ्यात बसून हे समजावणं सोपं आहे. आपल्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने १९६० ते १९७५ मध्ये वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती सात खंडांत काढली. वर संपादकांनी ठरवलेला पाठ, खाली कुठल्या पोथीत काय आहे त्याच्या टिपा. नेस्ले-आलांडची २८ वी आवृत्ती (२०१२) त्याच जातीची: वरचा ग्रीक पाठ जसाच्या तसा कुठल्याही एका हस्तलिखितात नाही, अनेकांतून निवडून बांधलेला आहे. हिब्रूची बिब्लिया हेब्राइका स्टुटगार्टेन्सिया मात्र तशी नाही. तिथे वर लेनिनग्राड हस्तलिखित एकटंच, दिसेल तसं, आणि मतभेद सगळे खाली. म्हणजे हिब्रू खिडकीत तुम्ही एक पोथी वाचताय आणि ग्रीक खिडकीत संपादकांचा निर्णय.

फुकट मॉड्यूलांत वरचा भाग येतो, खालच्या टिपा येत नाहीत. टिपांवर जर्मन बायबल सोसायटीचे हक्क आहेत, त्यासाठी लोगोस किंवा अ‍ॅकॉर्डन्स या विकतच्या सॉफ्टवेअरांत पैसे मोजावे लागतात. लोगोसचा भर २०२४ पासून वर्गणीवर आहे, तेव्हा घेण्याआधी वर्गणी थांबवल्यावर हातात काय उरतं ते नीट वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी 'एनए २८' ची मॉड्यूलं घेऊ नका. चोरीची तर आहेतच, शिवाय त्यात कुणी काय बदललंय ते तपासायला मार्ग नाही.

तोवर एसबीएलजीएनटीच्या स्वतःच्या टिपा बघा. त्या हस्तलिखितांच्या नाहीत, चार छापील आवृत्त्यांची तुलना आहे, पण वाद कुठे आहे एवढं कळतं. नेस्ले-आलांडपासून ही संहिता ५४० हून अधिक ठिकाणी वेगळी आहे. सिनायटिकस हस्तलिखिताची छायाचित्रं आणि शेजारी उतरवलेला मजकूर संस्थळावर फुकट आहे.

कोशाचंही तेच. स्ट्राँगच्या मागची दोन ओळींची यादी म्हणजे कोश नव्हे, जुन्या इंग्रजी भाषांतरात काय काय शब्द वापरले त्याची नोंद आहे. हिब्रूसाठी ब्राउन-ड्रायव्हर-ब्रिग्ज (१९०६) आणि ग्रीकसाठी अ‍ॅबट-स्मिथ (१९२२) फुकट मिळतात, ते लावा. थेयरचा ग्रीक कोशही फुकट आहे, पण तो इजिप्तमधल्या पपायरसांचा उपयोग कोशांत होऊ लागण्याआधीचा. पैसे असतील तर पहिली खरेदी एखाद्या नव्या कोशाची करा, भल्या मोठ्या पॅकेजची नको. पॅकेजातली नव्वद टक्के पुस्तकं कुणी उघडत नाही.


फतेगंजकर:

अर्थ दिसायला लागला, वर्डही रुळावर आलं. शेवटचं एक: नुसता शब्द नाही, रूप शोधायचं असेल तर? म्हणजे फक्त 'काल' घडण, फक्त भूतकाळ वगैरे.


संहितापाठ:

ओएसएचबीची खूण अक्षर-अक्षर वाचायची असते. उत्पत्ती १:१ च्या 'बारा'ची खूण एच-व्ही-क्यू-पी-३-एम-एस: हिब्रू, क्रियापद, काल, पूर्ण, तृतीय पुरुष, पुल्लिंग, एकवचन. पहिल्या जागी एच ऐवजी ए दिसला तर तो अरामी शब्द. दानीएल २:४ च्या मध्यापासून सातव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत तसंच दिसेल. लहान आणि मोठं अक्षर एक समजू नका: तिसऱ्या जागी लहान पी म्हणजे पिएल, मोठा पी म्हणजे पुआल, लहान एच हिफिल, मोठा एच होफाल. अक्षरांचा आकार न बघणारा शोध हे सगळं एकत्र करून देतो.

ग्रीकच्या रॉबिन्सन खुणांत दोन खड्डे आहेत. अओरिस्ट या ग्रीक भूतकाळाच्या दुसऱ्या प्रकाराला अक्षराआधी २ चा आकडा लावलेला असतो. नुसता 'ए' घेऊन शोधलंत तर ती सगळी रूपं सुटतात, म्हणून दोन शोध लावून बेरीज करा. आणि एर्खोमाइसारख्या (येणं) क्रियापदांना कर्मणी किंवा मध्यमऐवजी वेगळीच अक्षरं दिलेली असतात, म्हणून 'सगळी कर्मणी रूपं' हा शोध तुम्हाला वाटतो तेवढा सरळ नाही. मॉर्फजीएनटी या खुणा लावलेल्या दुसऱ्या ग्रीक संग्रहाच्या खुणांत हा दुसऱ्या अओरिस्टचा भेदच नाही, म्हणून दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडू नका. खूण शेवटी कुणीतरी बसून लावलेली असते.

वाक्यरचनेवर शोधायचं असेल, म्हणजे 'क्रियापद आधी आणि कर्ता नंतर' असं काही, तर अ‍ॅम्स्टरडॅमच्या ईटीसीबीसीचा हिब्रू संग्रह घ्या. ब्राउझरमधून शेबँक या संस्थळावर, किंवा पायथन येत असेल तर टेक्स्ट-फॅब्रिकने लॅपटॉपवर. ४ जीबीच्या यंत्रावर पहिल्यांदा उघडताना बाकी सगळं बंद ठेवा, ते आपली मांडणी तयार करून साठवतं, पुढच्या वेळी लवकर उघडतं. तिथे जोडलेली उपसर्गाक्षरं सुटी मोजतात: उत्पत्ती १:१ मध्ये छापील शब्द सात, त्यांच्याकडे अकरा.


मांडवीवाला:

आणि केतीव-केरे विसरू नका. लिहिलेलं एक आणि वाचायचं दुसरं अशा जागी काही मॉड्यूलं दोन्ही शब्द दाखवतात आणि दोन्ही मोजतात. शब्दसंख्या एक-दोनने पुढेमागे झाली की आधी तिथे बघा. बायबलटाइममध्ये ते दाखवणं-लपवणं पर्यायांत आहे, गटात सगळ्यांनी एकच ठेवा.